जाऊ दे तिला

तंजावूर
कार्तिकै दीपमचा दुसरा दिवस

प्रिय शिवराज,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. जयश्री सांगत होती, माझं नाव दिसलं की तू फोन पालथा घालतोस आणि कालचाच पेपर पुन्हा वाचायला घेतोस. असू दे. फोनवर तू मला तसंही वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. तेव्हा फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड. देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे घरात दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं तरी हरकत नाही. तुझी बायको जयश्री आपली भाषा बोलते ठसक्यात, पण वाचायला दिली की चष्मा शोधत बसते, आणि तुझ्या प्रणवेशला ती समजते तेवढीच, बोलायची वेळ आली की पोरगा तमिळमध्ये पळतो. अप्पांनी दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, पाटी घेऊन आपल्या दोघांना अक्षरं गिरवायला लावली, ती अशी उपयोगी पडतील असं त्यांना काही वाटलं नसेल.

इकडचं क्षेम आहे. पाऊस यंदा दीपावळीच्या आधीपासून जो बसलाय तो उठायला तयार नाही. राजवाड्याच्या अंगाची आपली मागची खोली पुन्हा ओल धरते आहे, आणि अप्पांचं कपाट मी पुढच्या खोलीत हलवलं. गल्लीत आपली भाषा बोलणारी घरं आता मोजकीच उरली. पलीकडच्या घरात चेन्नैच्या कुणीतरी पाहुण्यांसाठी खोल्या केल्यात आणि दारावर 'मराठा हेरिटेज' अशी झोकदार पाटी लावली आहे. परवा मी दारात रांगोळी घालत होते, तर तिथं उतरलेल्या एका बाईनं मला विचारलं की मी इथं कामाला आहे का. मी हो म्हटलं. गुडघा दुखतो, पण त्यात सांगण्यासारखं नवीन काही नाही.

आता तुझी तक्रार. जयश्रीकडून कळली तेवढी लिहिते, चुकली तर दुरुस्त कर. त्या दिवशी गावी, तहसीलदार, पोलीस आणि अर्ध्या गावादेखत मी तुला 'शिवू' म्हटलं आणि लहान पोराला दटावावं तसं दटावलं. साठी उलटलेल्या माणसाला, ज्याला पाहून कारखान्यातले इंजिनियर उभे राहायचे! त्या अपमानापायी तू फोन आपटलास, आणि आता कालव्याकडच्या आपल्या शेताच्या बांधावरून कायमची वाट द्यायच्या कागदावर तू काही केल्या सही करणार नाहीस, उलट वकिलाकरवी हरकत घेणार आहेस. जमीन दोघांच्या नावावर, एकाची सही चालत नाही, आणि तहसीलदारानं पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे अंजलैच्या माणसांना आपली मेलेली माणसं कोरड्या वाटेनं न्यायला मिळणार की नाही, हे तुझ्या माझ्यावरच्या रुसव्यावर येऊन थांबलंय. मी जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे मला याचं फार आश्चर्य वाटत नाही. याहून फुटकळ कारणांवरून मोठमोठ्या गोष्टी अडल्याचं मी फळ्यावर लिहिलेलं आहे.

तू तिथं नव्हतास, नुसता फोनवर होतास. तेव्हा काय झालं ते आधी नीट ऐकून घे. दीपावळीनंतरच्या आठवड्यात अंजलै गेली. आपल्या गावच्या घरी जन्मभर मागच्या अंगणातून आलेली आणि मागच्या अंगणातूनच परत गेलेली अंजलै. वय झालं होतं, ताप आला आणि आटोपली. गावकुसाबाहेरच्या चेरीतल्या लोकांचं मसण कालव्यापलीकडे आहे, हे तुला ठाऊक आहे. तिकडे जायला दोन रस्ते. एक आपल्या बांधावरून त्या लहान पुलापर्यंत, आणि दुसरा सरळ कालव्याच्या पाण्यातून. उन्हाळ्यात कालवा कोरडा असतो, तेव्हा प्रश्नच येत नाही. मेट्टूर धरणाचं पाणी सुटलं की मात्र त्यांनी तिरडी डोक्याच्या वर धरायची आणि छातीभर पाण्यातून चालायचं. का, असं गावात कुणालाही विचार, तो सांगेल की रीत आहे. आणि त्याच बांधावरून अंजलै रोज सकाळी आपल्याकडे कामाला येत होती. गोठा काढायला, भात वाळत घालायला, पुढं पुढं आईला उचलून बसवायला. तेव्हा बांधाला कधी काही झालं नाही. साईराम, आपली जमीन कसतो तो, त्यानं तुझ्या आधीच्या सांगण्याप्रमाणे बांधाच्या तोंडाशी काटे टाकून ठेवले होते.

चेरीतली वडीलधारी माणसं काटे बघून मुकाट पाण्याकडे वळलीसुद्धा. त्यांना अडवलं ते जननीनं. जननी म्हणजे अंजलैची नात. तिची आई तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात, म्हणून पोर आजीपाशी वाढली. आजीच्या मागोमाग आपल्या अंगणात येऊन शेवग्याच्या झाडाखाली अभ्यास करायची ती. तू पाहिली असशील, लक्षात राहिली नसेल. आता इथं तंजावूरच्या कोर्टात वकिली करते. तिनं सांगितलं की आजीला पाण्यातून नेणार नाही, वाट मिळेपर्यंत आजी रस्त्यावर थांबेल. चहाच्या टपरीचं बाकडं आणून त्यावर तिरडी ठेवली, वर निळी ताडपत्री धरली, आणि पावसात सगळे उभे राहिले. टपरीवाल्यानं बाकडं दिलं हेही मला विशेष वाटलं. मग पोलीस आले, तहसीलदार आला, आणि जमिनीची एक मालकीण म्हणून मला बोलावणं आलं. मी रिक्षा करून गेले. पोचले तेव्हा हार भिजून गळायला लागले होते.

बैठक आपल्याच घराच्या तिण्णैवर. तहसीलदार तरुण आहे, घाम पुसत होता. बाळकृष्णराव काका होते, कारण त्यांचं शेत आपल्याला लागून. जननी खाली अंगणात उभी होती. तहसीलदारानं तिला वर बोलावून खुर्ची दिली, ती येऊन बसली. काकांनी आपली खुर्ची जराशी लांब सरकवली आणि कुणी विचारलं नसताना सांगितलं की पाय पसरायला जागा लागते. मग साईरामनं तुला फोन लावला आणि मोठ्यानं ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

तू आधी तमिळमध्ये बोललास, आणि छान बोललास. अंजलै आमच्या घरचंच माणूस, आईची तिनं सेवा केली, माणुसकी म्हणून आजच्या दिवस जाऊ द्या, असं म्हणालास. तहसीलदाराचा जीव भांड्यात पडला. आणि मग तू भाषा बदललीस. आपल्या घरची जुनीच रीत ती. समोर कामाची माणसं असली की मराठी. साडीच्या दुकानात आपल्या बायका दुकानदाराच्या तोंडावर त्याच्या मालाची नालस्ती करतात आणि वर त्याच्याकडे बघून 'नल्लारुक्कु', छान आहे, म्हणून हसतात, त्यातलाच प्रकार. तू मला आणि काकांना सांगितलंस की आज काय ते होऊ दे, पण लिहून काही द्यायचं नाही. पाणी ओसरलं की साईरामला तारेचं कुंपण घालायला लावू. त्या पोरीला शिंगं फुटलीत, चार बुकं शिकली म्हणून आपल्या दारात येऊन बसते, तिच्या तोंडाला लागू नकोस, असंही म्हणालास. काकांनी मान डोलावली आणि भटाला दिली ओसरी ही म्हण पुरी म्हणून दाखवली. हे सगळं अगदी नेहमीच्या आवाजात, पावसापाण्याचं बोलावं तसं. तहसीलदार सभ्यपणे हसत होता, म्हणजे त्याला एक अक्षर कळत नव्हतं. जननी टेबलावरच्या फोनकडे बघत होती.

आणि मग तुझ्या कानावर ते वाक्य पडलं. 'शिवू, पुरे झालं. जाऊ दे तिला.' तू फोन ठेवलास.

पुढचं तुला माहीत नाही म्हणून सांगते. काका आपल्या नेसलेल्या वेष्टीच्या काठाकडे बघत बसले. तहसीलदारानं विचारलं की शिवराज सार काय म्हणाले, तेव्हा मी तमिळमध्ये सांगितलं की माझी संमती आहे, बाकीचं मी बघते. साईरामनं स्वतःच्या हातानं काटे काढले. एक त्याच्या तळव्यात मोडला, त्याचं तो अजून सांगत असतो. तिरडी बांधावरून गेली. पुढं हलगीसारखी पऱै वाजत होती, फुलं उधळत होते, ती चिखलात पडत होती. मी पुलापर्यंत मागून गेले. त्यापलीकडे बायका जात नाहीत म्हणे, जननी गेली. मी तिथंच थांबले, कारण गुडघ्यानं पुढं जायला नकार दिला. परत येताना मी बांध नीट पाहिला. दोन्ही बाजूंना भात तसाच उभा होता, कुठं काही खचलेलं नव्हतं.

तुझा माणुसकी हा शब्द मला तेव्हापासून छळतो आहे. कॉलेजात मी वर्षानुवर्षं तो मानवी हक्कांचा पेपर शिकवला, तुला आठवत असेल, कारण सुट्टीत माझ्या उत्तरपत्रिका बघून तू हसायचास. 'मानवी हक्कांचा विकास थोडक्यात लिहा', दहा मार्क. पोरी गाईडमधून पाठ करून लिहायच्या. इंग्लंडात सरदारांनी राजाकडून सनद लिहून घेतली. तिच्यात त्यांच्या कुळांसाठी फारसं काही नव्हतं. अमेरिकेत सगळी माणसं समान जन्मली असं जाहीर करणाऱ्यांच्या घरी गुलाम राबत होते. फ्रान्सात माणसाचे हक्क मांडले; एका बाईनं त्याच धर्तीवर बायकांचे लिहून काढले, पुढं तिला गिलोटिनवर चढवलं. मग दोन महायुद्धं झाली, माणसं कोंबडीसारखी मारली गेली, आणि मग कुठं सगळ्या जगानं बसून जाहीरनामा केला. त्याच्या मसुद्यात 'सगळे पुरुष' असं होतं, त्या जागी 'सगळी माणसं' असं घालायला लावलं ते आपल्या देशातून गेलेल्या एका बाईनं. आपली घटना लगोलग आली, तिनं अस्पृश्यता रद्द केली. पोरी एवढं लिहून मोकळ्या व्हायच्या आणि मी दहापैकी सात द्यायची.

एवढी वर्षं तेच शिकवताना एक गोष्ट मात्र मला सारखी दिसायची. आत असलेल्यांनी कधीच असं म्हटलं नाही की बाहेरच्यांना काही देऊ नका. देऊ की, असंच म्हणाले. मात्र कधी, किती आणि कुणाला, ते आम्ही ठरवू. अंजलैला आपण काय कमी दिलं? दीपावळीला तेल, जुनी लुगडी, लोणचं, आजारपणात गोळ्या. ती मागायची आणि आपण द्यायचो, आणि दोघांनाही बरं वाटायचं. फक्त तिला कधी 'हे माझं आहे' असं म्हणता आलं नाही. दया करणाऱ्याला ती परत घेता येते. तू तर त्याच फोनवर, त्याच दमात परत घेतलीस.

चिडू नकोस. हे तुला माझ्याहून चांगलं कळतं. गेल्या वर्षी तुझ्या अपार्टमेंटच्या कमिटीनं मागचं फाटक बंद केलं, आठवतं? देवळात जायला तुला मोठा वळसा पडायला लागला. अध्यक्ष म्हणाला, मामा, तुमच्या वयाकडे बघून तुमच्यापुरतं उघडून देऊ. काय भडकलास तू! उपकार नकोत, फाटक सगळ्यांचं आहे, असं ठणकावून लांबलचक पत्र लिहिलंस, इंग्रजी तपासायला माझ्याकडे धाडलंस. त्यात फंडामेंटल राइट हा शब्द इतक्यांदा होता की मी त्यातले काही काढले. फाटक उघडलं. मी तेव्हा तुझ्या बाजूनं होते, आणि अजूनही आहे. आणि तुला तर रोजच्या देवदर्शनाला जायचं होतं, एकदाच जाऊन परत न येण्याच्या ठिकाणी नव्हे. जगण्याच्या हक्कात मान येतो आणि तो मान मेल्यावरही उरतो, असं कोर्टांनी म्हटलेलं आहे. हे मला जननीनं सांगितलं. माझ्या गाईडमध्ये नव्हतं.

हे सगळं लिहिताना मला आपल्या मागच्या दाराची आठवण येत राहिली. तू पाच-सहा वर्षांचा असशील. अंजलै तेव्हा तरणीताठी, डोक्यावर शेणाची पाटी नाहीतर कडब्याचा भारा घेऊन गोठ्याकडून यायची, आणि तू दारात दोन्ही हात पसरून उभा राहायचास. ती डावीकडे झुकली की तू डावीकडे, ती उजवीकडे की तू उजवीकडे. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईनं तुला बखोटीला धरून बाजूला केलं असतं. पण अंजलैला तुला शिवता येत नव्हतं, आणि हे तुला बरोबर ठाऊक होतं. तोच तर खेळ होता. ती 'चिन्न अय्या, विडुंग', छोटे मालक, सोडा, म्हणून विनवायची, हसायचीसुद्धा, डोक्यावर भार आणि समोर मालकाचं पोर असताना दुसरं काय करणार? मी पायरीवर चिंचोके खेळत बसलेली असायची. मग आतून, विळीवरून मान वर न करता, आई म्हणायची, 'शिवू, पुरे झालं. जाऊ दे तिला.' तू लगेच हात खाली घ्यायचास. कधी हट्ट केला नाहीस, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

आईची शेवटची वर्षं तू लांबून पाहिलीस, मी अर्धीमुर्धी. झटका आल्यावर तिची तमिळ आधी गेली, सगळीच्या सगळी. एवढं आयुष्य तमिळ गावात काढलेल्या बाईपाशी शेवटी निव्वळ माहेरची मराठी उरली. माणसं ओळखेना. तू हवेची गादी पाठवलीस, औषधं पाठवलीस, पोंगलला येऊन गेलास. मी कॉलेजला सुट्टी असली की जायची. बाकी सगळे दिवस आईपाशी अंजलै आणि ती लहानगी जननी. विटाळ नेमका कुठल्या दिवशी संपला ते कुणी जाहीर केलं नाही. आईच्या पाठीला जखमा झाल्या त्या सुमारास संपला असावा, कारण त्या धुवायला दुसरं कुणी पुढं आलं नाही. आई दिवसभर आपल्या भाषेत बोलत राहायची आणि ऐकायला त्या दोघीच. एक गोष्ट मला अलीकडेच कळली. अंजलै गरम पाण्याचं घंगाळ घेऊन खोलीच्या दारात आली, की आई उशीवरून दाराकडे बघून म्हणायची, 'शिवू, पुरे झालं. जाऊ दे तिला.' दर वेळी. दारात कुणीही नसायचं. आणि अंजलैसुद्धा घंगाळ घेऊन उंबऱ्याशी थांबून राहायची, आईचं म्हणून झालं की मगच आत यायची. तिला ते वाक्य लागायचं की आईसाठी ती थांबायची, हे विचारायला आता कुणी नाही. मला हे ऐकून रडू आलं, शिवराज. मी सहसा रडत नाही, तुला माहीत आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. सहीचं तुझं तू ठरव. तू नाही केलीस तर जननी कोर्टात जाणार आहे आणि मी तिच्या बाजूनं साक्ष देणार आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पाठीमागून केलं असं व्हायला नको. पण ज्या गोष्टीवरून तू रुसून बसला आहेस ती माझ्या नावावर राहू नये म्हणून लिहिलं. त्या दिवशी फोनवर तू ऐकलंस ते मी बोलले नव्हते. मी खुर्चीत बसून शब्द शोधत होते, शिकवलेले पुष्कळ होते, एकही तोंडात येईना. बोलली ती जननी. आपल्या भाषेत, आईच्या हेलात, अगदी शिवूसकट. शिंगं, कुंपण, ओसरी, तुझं आणि काकांचं अक्षर न् अक्षर तिला कळलं होतं. तुला तो माझा आवाज वाटला, कारण ही भाषा आपल्या घराबाहेर कुणाला येईल हे तुझ्या मनातच येणार नाही. मला तर क्षणभर आईचाच वाटला. आपली भाषा बोलणारी माणसं संपत चालली म्हणून तू तिकडे तुमच्या मराठी संघात दर वर्षी भाषण करतोस; एक वाढलंय म्हणून सांग. पुलाशी ती परत आली तेव्हा मी तिला विचारलं, तिनं तुला शिवू का म्हटलं. ती म्हणाली, जमिनीच्या पट्ट्यावरचं नाव तिला पाठ आहे, पण त्या वेळी तोंडात तेच आलं. लहानपणी तिला वाटायचं की शिवू नावाचं कुणीतरी आजीच्या वाटेत, दारात हात पसरून खरंच उभं असतं, फक्त आपल्याला दिसत नाही. म्हणून त्या दारातून आत जाताना ती नेहमी अंग चोरून, भिंतीला घासून जायची, चुकून त्याला शिवू नये म्हणून. मी तिला सांगितलं की तो तिथं नसतो, चेन्नैला असतो. तिचा विश्वास बसला असं मला दिसलं नाही. दारातून बाजूला हो, शिवू. हे मात्र मी म्हणते आहे.

तुझीच,
सुप्रभाअक्का